बदल्यात आलेला

शुक्रवार, 10 जानेवारी 2025

उद्या गोटिए येतो आहे, आमच्या फिलाडेल्फियाच्या आइस हॉकी संघाला नाही म्हणून कॅलिफोर्नियातल्या संघात गेलेला. धाकट्याने तिकिटे केव्हाच काढून ठेवली आहेत, नारिंगी जर्सी खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवली आहे आणि त्याच्या काठीला पक (हॉकीतली ती रबरी चकती) लागला रे लागला की हुर्यो कशी उडवायची याची तालीम आज तो न्हाणीघरात करत होता. मी दाराबाहेरून ओरडले नाही. ओरडण्याचा अधिकार मी या आठवड्यात गमावून बसले आहे.

झाले ते इतकेच, की टीव्हीवर सामना चालू असताना आमच्या ड्राइसडेलच्या काठीवरून पक निसटला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आणि याच्या बदल्यात आपण त्याला घालवला!" धाकटा हसला. "आई, आपण नाही घालवला, तोच गेला." त्याचे बरोबर होते आणि विषय तिथेच संपायला हवा होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण ते वाक्य माझे नव्हते. शब्द, सूर, शेवटचा हेल, सगळे आजीचे होते.

एनएचएल या व्यावसायिक लीगमधले संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. गोटिएला आमच्या फिलाडेल्फिया फ्लायर्सने 2022 च्या निवडीत पाचव्या क्रमांकावर घेतले, तेव्हा या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. पुढे त्याने या संघाकडून खेळायचेच नाही असे ठरवले. संघाची माणसे त्याला गाठायला स्वीडनपर्यंत गेली, तिथे तो त्यांना भेटलासुद्धा नाही. अखेर 8 जानेवारी 2024 ला त्याला अ‍ॅनाहाइमला देऊन बदल्यात जेमी ड्राइसडेल आणि 2025 च्या निवडीतली दुसऱ्या फेरीची संधी घेतली गेली. ड्राइसडेल तेव्हा 21 वर्षांचा होता. 2020 च्या निवडीत त्याचा क्रमांक सहावा होता आणि आदल्या हंगामात खांद्याच्या दुखापतीमुळे त्याला जेमतेम 8 सामने खेळता आले होते. अ‍ॅनाहाइममध्ये त्याचा जिवलग मित्र होता, ओळखीचे घर होते. आपल्याला जायचे आहे असे तो कोणालाही म्हणाला नव्हता. मला हेच पुन्हा पुन्हा टोचते आहे: ज्याने "येत नाही" म्हटले त्याला हवे ते मिळाले आणि ज्याने काहीच म्हटले नव्हते त्याच्या हातात विमानाचे तिकीट पडले.

आजीच्या भाषेत याला साटेलोटे म्हणत. (हल्ली तो शब्द फक्त राजकारण्यांसाठी उरला आहे.) आत्या मामाच्या घरी गेली आणि तिच्या बदल्यात आई आमच्या घरी आली. आत्याचे तिकडे काही बिनसले, डोळे पुसत तिने चार ओळी लिहून पाठवल्या, की त्या दिवशी आईच्या आमटीत मीठ जास्त झालेले असे. आमटी तीच, हातही तोच. मी चुलीजवळ बसून ती चाखलेली आहे, म्हणून सांगते. "आणि हिच्या बदल्यात मी माझी पोर दिली," असे आजी कोणाकडेही न बघता म्हणायची आणि आई तव्यावरची भाकरी उलटायची. पुढचे लिहीत नाही.

फ्रिजवर धाकट्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर दोन रकाने आहेत, एकात गोटिएचे गोल आणि गोलसाहाय्य, दुसऱ्यात ड्राइसडेलचे. डावा रकाना भराभर खाली सरकतो आणि उजवा रखडतो. पण एक आघाडीचा आणि दुसरा बचावपटू, त्यांना एकाच मापाने कसे मोजायचे? बचावपटू पिकायला वेळ लागतो, हे या शहरातले शेंबडे पोरही सांगेल. शिवाय इथे आल्यावर दोन महिने होतात न होतात तोच याचा खांदा पुन्हा दुखावला, त्या हंगामात आमच्याकडून तो जेमतेम 24 सामने खेळला आणि हंगाम संपल्यावर पोटाच्या स्नायूची शस्त्रक्रिया झाली. स्वतःच्या गोलजाळीमागे पक घेताना तो पाठमोरा असतो. एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघतो, अंगावर येणारा ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट बाजूला स्केटच्या आतल्या कडेवर गर्रकन वळतो आणि समोरच्याला कळायच्या आत पक निम्मे मैदान ओलांडून गेलेला असतो. ते दोन क्षण मी पैसे देऊन बघेन. आमच्या कागदावर त्यांना रकाना नाही.

आणि हुर्योचे म्हणाल तर आमच्या लोकांची मला गंमतच वाटते. 1991 मध्ये क्विबेकच्या संघाने एरिक लिंड्रोसला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि त्याने तिथे खेळायला साफ नकार दिला. वर्षभराने त्याला वाजतगाजत आणले कोणी, तर आम्हीच! बदल्यात पीटर फोर्सबर्गसह खेळाडूंची रांग दिली आणि वर दीड कोटी डॉलर मोजले. फोर्सबर्गच्या जोरावर त्या संघाने 1996 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, उचलला, तोही डेन्व्हरला बिऱ्हाड हलवल्यावर. आमचे शेवटचे दोन कप 1974 आणि 1975 चे. तरीही लिंड्रोसच्या जर्सीचा 88 क्रमांक आमच्या स्टेडियमच्या छताला मानाने टांगलेला आहे आणि उद्या त्याच छताखाली आम्ही वीस वर्षांच्या पोराला "तू नाही म्हणालासच कसा" म्हणून घसा फुटेपर्यंत जाब विचारणार आहोत. नकार देऊन आमच्याकडे आला तो बाणेदार आणि आम्हाला नकार देऊन गेला तो कृतघ्न, असा आमचा सरळ हिशेब आहे. एवढ्या निर्लज्जपणाचे मला थोडे कौतुकही वाटते.

मीही इथे कोणाच्या तरी जागेवर आले होते, पण ते ऑफिसातले पुराण आज उगाळायला नको. दोन दिवस स्वतःची कीव करून झाली, पुरे. ड्राइसडेलला माझ्या कळवळ्याची काडीची गरज नाही. त्याला वर्षाला तेवीस लाख डॉलर मिळतात. आईला भाकऱ्यांचे काय मिळत होते?

उद्या मीही ओरडेन, हे मला ठाऊक आहे. अठरा-वीस हजार माणसे ओरडत असताना हाताची घडी घालून बसणे मला जमणार नाही आणि धाकट्याला ते चालणारही नाही. फक्त कोणाच्या नावाने ओरडायचे ते अजून ठरलेले नाही.

मघाशी पाणी प्यायला उठले तेव्हा फ्रिजवरचा तो कागद काढून टाकावा म्हणून हात वर केला. जवळून पाहिले तर डाव्या रकान्यातले निम्मे आकडे माझ्याच अक्षरात आहेत. धाकटा झोपल्यावर पश्चिम किनाऱ्यावरचे सामने उशिरापर्यंत बघत कोण बसते या घरात? उजव्या रकान्यात मात्र सगळे अक्षर त्याचे. शेवटचा आकडा भरायचा राहिला होता. पेन सापडले नाही, म्हणून पेन्सिलीने भरून ठेवला.