मेरी कसॅटच्या गावी

तीस वर्षं मी वाईला शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना सगळ्यात अवघड काय जातं, असं मला कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगेन, हात. स्मरणचित्रात बाजार काढतील, जत्रा काढतील, विहिरीवरच्या बायका काढतील, पण माणसांचे हात पाठीमागे नाहीतर पदराखाली दडलेले. जे जमत नाही ते झाकायचं, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

अशा मुलांसाठी मी एक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात ठेवलं होतं. एका जुन्या कॅलेंडरातलं. पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यातली बाई मांडीवर लहान मुलीला घेऊन तिचे पाय धुते आहे. बाईचा एक हात मुलीच्या कमरेभोवती, दुसरा तसराळ्यातल्या पाण्यात, मुलीचं इवलं पाऊल धरलेला. मुलीनं तोल सावरायला बाईच्या गुडघ्यावर हात रोवलाय. चित्रातले चारही हात कामात आहेत, एकही शोभेचा नाही. मी मुलांना म्हणायचे, चेहरे नंतर बघा, आधी हे हात बघा. मूळ चित्र शिकागोत आहे, 1893 सालचं. चित्रकर्तीचं नाव मेरी कसॅट. अमेरिकेत जन्मली आणि फ्रान्समध्ये वारली, एवढंच मला तेव्हा तिच्याबद्दल ठाऊक होतं.

गेल्या वर्षी भाचीनं पॅरिसला बोलावलं. ती तिथे नोकरीला आहे. आयफेल टॉवर, बोटीतली फेरी, सगळं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "ते सगळं बघू, पण मला एक दिवस कसॅटच्या गावी जायचंय." ती म्हणाली, "कुठे आलं ते, आत्या?" मी नाव लिहिलेला कागद दिला: ल मेनिल-तेरिब्यूस, तिच्या फ्रान्समधल्या हवेलीचं गाव.

त्याआधी दोन दिवस पॅरिसमध्ये मी तिच्याच मागावर हिंडले. ऑर्से संग्रहालयात तिचं बागेत शिवणकाम करणाऱ्या तरुणीचं चित्र आहे, 1880-82 च्या सुमाराचं. मागे हिरवळ आणि लाल फुलं. अंगावरचा पांढरा झगा सैल फटकाऱ्यांनी रंगवलेला, दोन पावलं मागे गेलं की मगच त्याचं कापड होतं. पण बोटांपाशी आल्यावर ब्रश एकदम नेमका होतो. मान खाली, नजर टाक्यावर. समोर आपण उभे आहोत याची तिला दखलही नाही. संग्रहालयातली बरीचशी बायकांची चित्रं बघणाऱ्याला बघत असतात. ही मात्र तिच्या कामात होती. मी त्या चित्रासमोरून तासभर हलले नाही.

तिथून शाँझेलिझेजवळच्या र्यू द मारिन्याँवर गेलो. तिथल्या 10 क्रमांकाच्या घरात ती 1887 पासून शेवटपर्यंत राहिली. उन्हाळा गावाकडे आणि हिवाळा या घरात, असा तिचा क्रम. खाली आता दुकानांची वर्दळ आहे. आम्ही समोरच्या फूटपाथवर उभ्या राहून वरच्या खिडक्या मोजल्या आणि निघालो.

ती इथवर पोचली कशी, ते सांगितलंच पाहिजे. 22 मे 1844 चा जन्म, पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलेगेनी सिटीचा. वडील शेअर दलाल. सात-आठ वर्षांची असताना घरच्यांबरोबर युरोपात आली आणि चार वर्षं राहिली. फ्रेंच आणि जर्मन तेव्हाच शिकली. पुढे फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया अकादमीत चित्रकला शिकायला गेली. तिथलं शिक्षण अपुरं वाटलं म्हणून 1866 च्या सुमारास तिनं पॅरिस गाठलं. वडिलांचा विरोध होता. पॅरिसमधली सरकारी कलाशाळा, एकोल दे बोझार, बायकांना घेत नव्हती. तिचे दरवाजे मुलींना उघडले ते 1897 मध्ये. म्हणून मेरी झाँ-लेओं झेरोमकडे खासगी शिकली, आणि परवाना काढून लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करत बसली. पुरुष चित्रकार संध्याकाळी कॅफेत जमून वाद घालत. एकट्या बाईला तिथे जाऊन बसणं शोभत नसे. तिच्यासारख्या मुली एकमेकींना भेटत त्या लूव्रच्या दालनांत, चित्र ठेवायच्या लाकडी घोड्यावर कॅनव्हास चढवलेला असताना. त्याच दालनांत आज आपण मोबाइल उंच धरून गर्दी करतो.

1868 च्या सरकारी प्रदर्शनात, सलोंमध्ये, तिचं मँडोलिन वाजवणाऱ्या मुलीचं चित्र लागलं. नाव दिलं होतं मेरी स्टीव्हन्सन. मग 1870 चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं आणि तिला घरी परतावं लागलं. वडील राहण्या-जेवण्याचा खर्च करत, पण रंग-कॅनव्हासला पैसे देत नसत. विकायला म्हणून शिकागोला नेलेली चित्रं 1871 च्या मोठ्या आगीत जळाली. इतक्यात पिट्सबर्गच्या बिशपनं इटलीतल्या पार्मा शहरातल्या, कोरेज्यो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या दोन चित्रांच्या प्रती करून मागितल्या आणि प्रवासखर्चाची सोय झाली. पार्मा, मग माद्रिद, सेव्हिल असं करत 1874 मध्ये ती पॅरिसला आली ती कायमचीच. कोरेज्योच्या माता आणि बाळं तिनं पार्मात रेष न् रेष गिरवली. नक्कल करताना हाताला जे कळतं ते नुसतं बघून कळत नाही, हे मी स्वतःच्या हातावरून सांगते.

1875 साली बुलव्हार ओसमानवर एका दुकानाच्या काचेत तिला देगा या फ्रेंच चित्रकाराची पेस्टल चित्रं दिसली. काचेला नाक चिकटवून ती बघत राहायची, असं तिनंच पुढे लिहून ठेवलंय. 1877 मध्ये सलोंनं तिची चित्रं नाकारली. त्याच वर्षी देगा तिच्याकडे आला आणि आमच्या गटात ये म्हणाला. तिनं आनंदानं होकार दिला. 1879 च्या प्रदर्शनात इम्प्रेशनिस्टांबरोबर, म्हणजे सलोंबाहेर स्वतःची प्रदर्शनं भरवणाऱ्या या चित्रकारांबरोबर, तिची अकरा चित्रं लागली. त्या गटात ती एकटीच अमेरिकन होती.

आई-वडील आणि मोठी बहीण लिडिया 1877 मध्ये पॅरिसला तिच्याकडे राहायला आले. यामुळे तिचं आयुष्य सुखाचं झालं असं कुणी समजू नये. वडिलांची अट होती की स्टुडिओचा खर्च स्टुडिओनंच भागवायचा. घरचं सगळं बघून, आजारी माणसांची उस्तवार करून ही चित्रं काढत होती. लिडियाला मूत्रपिंडाचं दुखणं होतं. मार्लीच्या बागेत क्रोशे विणणारी लिडिया, भरतकामाच्या चौकटीवर वाकलेली लिडिया, ही चित्रं मेरीनं त्या दिवसांत केली. 1882 मध्ये लिडिया गेली, आणि नंतर कित्येक महिने मेरीला काम सुचलं नाही. लिडियाची ती चित्रं आता मला नुसती चित्रं म्हणून बघवत नाहीत. हातात सुई आहे तोवर बहीण आपल्यातच आहे, असं काहीतरी त्या रेषांत आहे.

तर गावाकडे. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवरून बोव्हेच्या गाडीत बसलो आणि मेरू नावाच्या स्टेशनवर उतरलो. नाव वाचून मला पर्वत आठवला. उच्चार मात्र मेर्यू. एके काळी हे गाव शिंपल्याच्या गुंड्यांसाठी प्रसिद्ध होतं आणि त्या कारागिरीचं संग्रहालय आजही इथे आहे. आम्हाला थांबायला वेळ नव्हता. भाचीनं आधीच सांगून ठेवलेली टॅक्सी उभी होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची शेतं, मध्येच झाडांचा पुंजका, चर्चचा सुळका, पुन्हा शेतं. टॅक्सीवाल्या काकांना कसॅट ठाऊक होती. "मादाम, ती अमेरिकन," एवढं म्हणून त्यांनी मान डोलावली. पन्नासहून अधिक वर्षं फ्रान्समध्ये काढून, 1904 मध्ये लेजियों दॉनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळवूनही ती इथे "ती अमेरिकन"च.

बोफ्रेन ही तिची हवेली गावाच्या कडेला आहे. 1894 मध्ये तिनं विकत घेतली, चित्रं आणि छापचित्रं विकून आलेल्या पैशातून. विटांचं घर, मोठी झाडं, पाणी. आम्ही बाहेरूनच बघितली. तिनं इथे गुलाब लावले होते आणि गावातल्या बायका-मुलांना मॉडेल म्हणून बसवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक तिला आई-मुलांची चित्रकार म्हणतात आणि लगेच पुढे जोडतात, "स्वतः अविवाहित होती ना." जणू काही चित्रं म्हणजे राहून गेलेल्या संसाराची हळहळ. मला हे बोलणं सहन होत नाही. तिच्या चित्रांतल्या कित्येक बाया त्या बाळांच्या आयाच नव्हत्या. रेन लफेव्र नावाची गावातली मुलगी तिच्या चित्रांत येते, बाळ कडेवर घेऊन. मूल सांभाळणं हे कष्टाचं काम आहे, त्यात पाठ दुखते, मनगट भरून येतं, हे मेरीनं बघितलं आणि तसंच रंगवलं. ती हळहळत नव्हती, निरखत होती.

आणि तिचे स्वतःचे कष्ट? 1890 मध्ये एकोल दे बोझारमध्येच जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते बघून तिनं दहा रंगीत छापचित्रांचा संच केला. जपान्यांसारखे लाकडी ठसे न घेता तिनं तांब्याचे पत्रे घेतले, रेषा सुईनं ओढली, सपाट रंगछटा ॲक्वाटिंटनं, म्हणजे पत्रा आम्लानं खरवडून, आणली. पत्र्यावर चिंधीच्या बोळ्यानं एकेक रंग हातानं लावायचा, पुसायचा, छापायचा, आणि पुढच्या प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून. एका छपाईवाल्याला बरोबर घेऊन ती आठआठ तास राबे तेव्हा दिवसाकाठी आठ-दहा प्रती निघत. प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती. 1891 मध्ये द्युराँ-रुएलच्या गॅलरीत ती छापचित्रं लागली. त्यातलं तसराळ्यावर वाकून तोंड धुणाऱ्या पाठमोऱ्या बाईचं चित्र मी किती वेळा वहीत उतरवायचा प्रयत्न केला असेल. त्या पाठीची एक रेष मला आजतागायत साधलेली नाही.

जवळच बाशिव्हिले नावाचं गाव लागतं. 1892 मध्ये तिथे भाड्याच्या घरात राहून तिनं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्त्री-भवनासाठी भिंतीएवढं चित्र केलं, सुमारे 58 फूट लांब. शिडीवर चढून रंगवण्यापेक्षा तिनं जमिनीत चर खणून घेतला, कॅनव्हास त्यात खालीवर करायचा आणि स्वतः जमिनीवरच उभं राहायचं. विषय आधुनिक स्त्री. मधल्या भागात बायका बागेत ज्ञानाची फळं तोडताहेत आणि पुढच्या पिढीतल्या मुलींच्या हाती देताहेत. प्रदर्शन संपल्यावर ते चित्र हरवलं. आता त्याचे फक्त फोटो उरलेत. टॅक्सी त्या बाजूनं वळवली, पाच मिनिटं थांबवली. शेत होतं, कुंपण होतं. कुठेतरी इथेच तो चर होता.

तिची मैत्रीण लुईझिन हॅवमायर हिनं मेरीच्याच सांगण्यावरून देगाचं चित्र घेतलं आणि पुढे घेतच गेली. त्या संग्रहाचा मोठा भाग आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अमेरिकेला इम्प्रेशनिस्ट दाखवण्यात मेरीचा हात किती मोठा, यावर वेगळं लिहायला हवं.

शेवटची वर्षं वाईट गेली. मधुमेह, मोतीबिंदू, फसलेल्या शस्त्रक्रिया. 1914 च्या सुमारास काम थांबलं. महायुद्धात दक्षिणेला ग्रासला जाऊन राहावं लागलं. हात शाबूत आणि डोळे गेलेले. 14 जून 1926 रोजी बोफ्रेनमध्येच तिनं देह ठेवला.

गावाच्या दफनभूमीत कसॅटांचं थडगं सहज सापडतं. आई, वडील, लिडिया आणि मेरी एकाच ठिकाणी. दगडावर फ्रेंचमध्ये कोरलंय, ते भाचीनं मला मराठीत वाचून दाखवलं: "कसॅट कुटुंबाची समाधी, मूळ राहणार पेन्सिल्व्हेनिया, अमेरिकेची संयुक्त संस्थानं." मग तीच गप्प झाली. तिला तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली आहेत. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्या, मीपण फॉर्मवर मूळ गाव वाईच लिहिते." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वाटेत घेतलेली पांढरी फुलं आम्ही दगडावर वाहिली.

परतीच्या गाडीत भाची खिडकीला टेकून झोपली, एक हात मांडीवर उताणा. मी पिशवीतून वही काढली. अंगठ्याचा उंचवटा दोनदा चुकला, खोडला, तिसऱ्यांदा जमला. मधल्या बोटाची सावली पडली होती ती आधी धरली, कारण ऊन सरकत होतं. गार द्यु नॉर आलं तेव्हा करंगळी काढायची राहिली होती.