एकोणीस पानं आणि एक पिन

माझा घटस्फोट 2011 साली टेक्सासमध्ये झाला, आणि तो झाला त्या दिवशी मी सांगलीत आईच्या हातची आमटी खात होते. दोघांची संमती असेल तर तिथे एकानेच न्यायाधीशांपुढे उभं राहिलं तरी भागतं. दोन-चार प्रश्न, दोन-चार 'येस', आणि संपलं. अर्ज दाखल केल्यापासून किमान साठ दिवस थांबावं लागतं. ते दिवस भरायच्या आत मी लागतील तिथे सह्या करून, दोन बॅगा भरून परत आले होते.

निकाल लागल्यावर त्याने, म्हणजे आता माजी झालेल्या नवऱ्याने, मला निकालाचा स्कॅन पाठवला. मी तो उघडलासुद्धा नाही. ते ईमेल खातं पुढे वापराविना बंद पडलं, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं असं तेव्हा वाटलं. बारा वर्षांत त्या कागदावाचून माझं काहीच अडलं नाही. पासपोर्टवर आळसापोटी माहेरचंच नाव राहिलं होतं, त्यामुळे नावबदलाची भानगडही नव्हती.

अडलं ते 2023 साली, पुन्हा लग्न करायचं ठरवलं तेव्हा. पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीने. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे, एवढंच मला माहीत होतं. कागदपत्रांच्या यादीत एक ओळ होती: घटस्फोटित असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची (डिक्रीची) प्रमाणित प्रत.

'त्याच्याकडेच माग ना,' दादा म्हणाला. मी म्हटलं, ते एक सोडून बोल.

पहिली चूक मी त्याच रात्री केली. टेक्सास राज्याच्या आरोग्य खात्याकडे 1968 पासूनच्या घटस्फोटांची नोंद आहे आणि वीस डॉलर भरले की त्याबद्दलचं पत्र मिळतं, असं वाचलं. मी हरखले. आपल्याकडे जन्ममृत्यूचा दाखला काढतो तसंच असणार! माझी एक जुनी मैत्रीण अजून तिकडे फ्रिस्कोला राहते, तिला लगेच मेसेज केला. ती माझ्यासारखी नाही, खालची बारीक अक्षरं वाचते. तिने कळवलं की या पत्राने फक्त 'अशी नोंद आहे' एवढंच कळतं. प्रमाणित प्रतीच्या जागी ते चालत नाही, असं तिथेच लिहिलंय. निकालाची प्रत हवी तर ज्या कौंटीत निकाल लागला तिथल्या कोर्टाकडेच मागायची.

कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आम्ही राहायचो डॅलसला. मग डॅलस कौंटी, यात विचार कसला करायचा? कौंटीच्या संकेतस्थळावर खटले शोधायची सोय होती. त्याचं आडनाव टाकलं, काही नाही. त्याच्या आडनावात 'क्ष' आहे. तो इंग्रजीत कोणी 'एक्स'ने लिहितं, कोणी 'के-एस-एच'ने, आणि तो स्वतः दोन्ही प्रकारे लिहायचा. सगळे प्रकार करून झाले. मग माझं नाव टाकलं. माझ्या जुन्या पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात चिकटून आलेलं, त्यामुळे अमेरिकेत मी कायम जोडनावाचीच होते. तेही करून पाहिलं. काही नाही.

दोन रात्री मी जे सोसलं ते सांगून खरं वाटणार नाही. घटस्फोट झालाच नसेल तर? त्याने अर्ज मागे घेतला असेल तर? बारा वर्षं मी स्वतःला मोकळी समजतेय आणि कायद्याने अजून बांधलेलीच आहे?

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना जूरीचं पत्र आठवलं. जूरी म्हणजे खटल्यात निवाडा द्यायला बोलावलेली सामान्य माणसं. टेक्सासमध्ये जूरीसाठी नावं मतदारयादीतून काढतात तशीच ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही काढतात, म्हणून नागरिक नसलेल्यांनाही ती बोलावणी येतात. मलाही एकदा आलं होतं. 'मी अमेरिकन नागरिक नाही' या चौकोनात खूण करून ते परत पाठवलं होतं. आणि ते पत्र डॅलसहून नव्हतं आलं. मॅकिनी नावाच्या गावाहून आलं होतं. 'हे कुठलं खेडं?' असं आम्ही तेव्हा हसलो होतो, म्हणून लक्षात राहिलं.

मॅकिनी हे कॉलिन कौंटीचं मुख्य ठिकाण. डॅलस शहराची उत्तरेकडची कड डॅलस कौंटीच्या हद्दीबाहेर जाऊन कॉलिनमध्ये घुसते. आमचं अपार्टमेंट नेमकं त्या कडेला. पत्ता डॅलसचा, पाणीपट्टी डॅलसची, कोर्ट मात्र मॅकिनीचं. टेक्सासमध्ये घटस्फोट मागायचा तर दोघांपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या कौंटीत नव्वद दिवस राहिलेलं असावं लागतं. म्हणजे त्याने कॉलिनमध्येच अर्ज केला असणार. शहराच्या नावावर जाऊ नका. जुना पत्ता नकाशावर टाकून कौंटीची रेघ कुठून जाते ते आधी बघा. माझे तीन दिवस वाचले असते.

कॉलिनच्या यादीत नुसतं माझं आडनाव आणि साल टाकलं आणि मिळालं. 'अमुक आणि तमुक यांच्या विवाहाच्या बाबतीत', अशाच मथळ्याने तिथे घटस्फोटाचा खटला नोंदवतात. शेजारी खटल्याचा क्रमांक: आधी कोर्टाचा नंबर, मग खटल्याचा, शेवटी साल. रात्री दीड वाजता तो आकडा मी हातावर पेनाने लिहून घेतला. समोर फोन होता, वही होती, तरीही.

दुसरी चूकही माझीच. क्रमांक घेऊन मी 'कौंटी क्लार्क'ला ईमेल केला. कौंटीतला खटला, तर कौंटीचाच क्लार्क, नाही का? नाही. कौंटी क्लार्ककडे लग्नाचे परवाने आणि जमीनजुमल्याच्या नोंदी असतात. घटस्फोट चालतो डिस्ट्रिक्ट कोर्टात आणि त्याची दप्तरं असतात डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. दोन निराळी कार्यालयं, दोन निराळे निवडून आलेले अधिकारी. तिथून एका ओळीचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं की बाई, पलीकडच्या दारात विचारा.

उन्हाळ्यात टेक्सासचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. मी डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या कार्यालयात फोन लावला तेव्हा आमच्या सोसायटीत आरती चालू होती. पलीकडच्या बाईंनी क्रमांक विचारला, दोन मिनिटांत म्हणाल्या, 'हो आहे, अंतिम डिक्री एकोणीस पानांची. साधी प्रत की प्रमाणित?' पानामागे एक डॉलर, प्रमाणित करण्याचे वर. मी विचारलं, माझी मैत्रीण येऊन घेऊन जाईल, तिला माझं अधिकारपत्र लागेल का? त्या म्हणाल्या, कशाला? ही सार्वजनिक नोंद आहे.

इथे मी जरा थबकले. म्हणजे बारा वर्षं कोणीही जाऊन एकोणीस डॉलरला माझा संसार वाचू शकत होतं. सगळीकडे असं नाही. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची दप्तरं शंभर वर्षं बंद असतात, पक्षकार किंवा त्यांचे वकील सोडून कोणाला दाखवत नाहीत. तिथे मैत्रिणीला पाठवायचं तर नोटरीसमोर केलेलं पत्र वगैरे लागलं असतं. राज्य बदललं की नियम बदलतो, कार्यालयाचं नाव बदलतं. कॅलिफोर्नियात तेच काम कौंटीच्या सुपीरियर कोर्टात. कोणाच्या तरी अनुभवावर विसंबायचं तर तो त्याच राज्यातला असायला हवा. माझाही हा टेक्सासपुरताच धरा.

प्रत मागवायच्या आधी एका वकीलबाईंना भेटले. हे बाकी मी शहाणपणाचं केलं. शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयाबाहेर चहा पिता पिता त्यांनी विचारलं, 'लग्न कुठल्या कायद्याखाली? आणि तिकडे घटस्फोट कुठल्या कारणावरून?' लग्न सांगलीला, हिंदू विवाह कायद्याखाली. कारण? टेक्सासात कोणाचा दोष न दाखवता 'आता एकत्र राहणं शक्य नाही' एवढ्यावर घटस्फोट मिळतो. बाईंनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी मला 1991 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावला, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. लग्न 1975 मध्ये तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस कौंटीच्या कोर्टातून घटस्फोट आणला, कारण हेच, संसार मोडलाय आणि सांधत नाही. मग दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्येची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने तो अमेरिकन घटस्फोट मानला नाही, कारण बायकोने त्या कोर्टाचा अधिकार कधी मान्यच केला नव्हता आणि ते कारण आपल्या विवाह कायद्यात बसत नव्हतं. पण त्याच निकालात अपवाद सांगितलेत. त्यांतला तिसरा असा की, समोरच्या पक्षाने घटस्फोटाला स्वतः संमती दिली असेल तर तो इथेही मानायचा.

'तुम्ही संमती दिली होती ना?'

'हो.'

'मग ती मला कागदावर दाखवा. नुसता निकाल नको. तुमची सही दाखवा.'

आणि वर म्हणाल्या, त्या खटल्यात अमेरिकन निकालाची झेरॉक्स पुराव्यात चालत नाही असं उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. तेव्हा प्रमाणितच आणा.

म्हणजे मला दोन कागद हवे होते. एक, दोघांच्या सह्यांची संमतीची डिक्री, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. दोन, मी बँकेतल्या नोटरीसमोर सही केलेला तो कागद, ज्यात 'मला अर्जाची प्रत मिळाली, मला रीतसर समन्स बजावायची गरज नाही, मी या कोर्टात हजर आहे असं समजा' असं असतं. फाइलमध्ये दहा-बारा कागद असतात. काय हवं ते नावाने मागावं लागतं. नुसतं 'घटस्फोटाचे पेपर द्या' म्हटलं असतं तर डिक्री मिळाली असती आणि तो दुसरा कागद दप्तरातच राहिला असता.

मैत्रीण शुक्रवारी सुट्टी टाकून मॅकिनीला गेली. दोन्ही कागदांच्या दोन-दोन प्रमाणित प्रती घेतल्या. मी एकच सांगितली होती. 'असू दे एक जास्तीची,' म्हणाली, आणि त्या बाईला देव शंभर वर्षं आयुष्य देवो, का ते पुढे सांगते.

मग अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्याला जोडायचं सरकारी प्रमाणपत्र. 2005 पासून भारत त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय हेग करारात आहे, त्यामुळे वकिलातीच्या फेऱ्या नाहीत. टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, ऑस्टिनला, अर्ज, दस्तऐवजामागे पंधरा डॉलर आणि परतीचं पाकीट पाठवायचं. अर्जात कागद कोणत्या देशात वापरणार ते लिहायचं. हे अपॉस्टिल फक्त एवढंच सांगतं की खालची सही खरोखर त्या क्लार्कचीच आहे. आत काय लिहिलंय ते खरं की खोटं, त्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

सगळं बाड कुरिअरने पुण्यात आलं. मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, मागे वळून बाकरवडी घेईपर्यंत त्याने ऑटोफीडरला लावायला म्हणून कोपऱ्यातली पिन सफाईने उपटली होती. अपॉस्टिल एकीकडे, एकोणीस पानं एकीकडे. 'पुन्हा मारून देतो ना मॅडम, नवीन पिन,' तो म्हणाला. प्रमाणित प्रतीची पिन काढली की मधलं पान बदललं नाही कशावरून, हा प्रश्न उभा राहतो, आणि मग कोणीही ती प्रत नाकारू शकतं. मैत्रिणीने चार वेळा बजावलं होतं, पिनेला हात लावू नकोस. मी लावलाच नव्हता! नशिबाने तिने दुसऱ्या डिक्रीवरही अपॉस्टिल करून घेतलं होतं. ती प्रत मी फोनने एकेक पान उलटत स्कॅन केली, पिन न काढता, आणि मूळ प्रत वकीलबाईंकडे जाईपर्यंत कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

पिन उपटलेली प्रत माझ्याकडे राहिली, आणि एका दुपारी मी ती पहिल्यांदा वाचली. वकील न लावता त्याने स्वतःच नमुन्यावरून लिहिलेली. सोशल सिक्युरिटी या तिकडच्या ओळख-क्रमांकाचे शेवटचे तीनच आकडे. मुलं नाहीत. कर्ज नाही. गाडी त्याची. आणि तेराव्या पानावर, 'पत्नीच्या स्वतंत्र मालकीचे' या मथळ्याखाली, त्याच्या त्या नीटनेटक्या पद्धतीने: पुस्तकं, दोन सूटकेस, शिवणयंत्र, पाच लिटरचा प्रेशर कुकर. शेवटच्या पानावर माझी सही. किती ठसठशीत सही करायचे मी तेव्हा!

वकीलबाईंनी दोन्ही कागद जोडून अर्जाबरोबर एक प्रतिज्ञापत्र करून दिलं. नोटीस लागली, तीस दिवस गेले, कोणी हरकत घेतली नाही. त्या दिवसांत ज्याच्याशी लग्न करणार त्यालाही ती सुटी पानं वाचायला दिली. त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच, कॉलिन कौंटीत ते कोणालाही मिळतं. तो तेराव्या पानावर थांबला.

'हा कुकर कुठाय?'

'आईकडे. शिट्टी बदललीय, रिंग दोनदा बदलली. अजून चालतो.'

'कोर्टाने दिलेला आहे,' तो म्हणाला. 'घेऊन ये.'