वेगाचा काटा आणि गवंड्याची लेव्हल पाइप

उलव्याला विमानं उतरायला लागल्यापासून पनवेल-खारघरच्या गच्च्यांवर विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडून उभी राहणारी मंडळी वाढली आहेत. चांगलंच आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक गोंधळ हमखास ऐकू येतो: "हे १२६ नॉटनेच येतंय बघ, मघाचं १४० ने आलं. या पायलटने स्पीड कमी ठेवलाय." ठेवलेला नसतो. ॲपवर दिसतो तो जमिनीवरून सरकण्याचा वेग, आणि पंखांना, म्हणून पायलटलाही, त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. विमानाच्या पंखाला लागते हवा. कॉकपिटातल्या काट्यावर १३५ नॉट असतील, तर ३० अंश तापमानाला समुद्रसपाटीजवळ खरा हवेतला वेग १३८ च्या आसपास जातो, कारण गरम हवा विरळ असते. त्यातून दुपारच्या खाडीवाऱ्याचे समोरून येणारे १२ नॉट वजा करा, ॲपवर १२६ उरतात. सकाळी वारा पडलेला असताना तेच विमान, तेच वजन, तोच काटा, आणि ॲपवर १३८.

उंचीचंही तसंच. बऱ्याच ॲपवर दिसणारी उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल हा ठरीव दाब धरून काढलेली असते. भर पावसाळ्यात आपल्याकडे दाब १००३ पर्यंत उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट, म्हणजे खऱ्या २००० फुटांवरचं विमान जवळपास २३०० वर दिसतं. "आज फार वरून आलं" असं म्हणण्याआधी त्या दिवसाचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला तिथला दाब, पाहावा.

हे झालं ॲपचं. खरी गंमत पुढे आहे: कॉकपिटातला काटासुद्धा खोटं बोलतो. प्रत्येक नव्या विमानाचा काटा बोलतो. तो किती खोटं बोलतो हे शोधणं हे चाचणी उड्डाणांतल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक, कारण स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो), चढण्याचा वेग, धावपट्टीची लांबी असे पुढचे सगळे आकडे याच काट्यावर वाचले जातात. पायाच वाकडा असेल तर वरच्या भिंतींचं काय बोलायचं!

काटा मोजतो फक्त दाबांतला फरक. समोर तोंड करून बसवलेल्या पिटो नळीत हवा थांबते आणि तिचा दाब वाढतो. (आँरी पिटोने १७३२ मध्ये ही नळी सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला वापरली होती, विमानं फार नंतरची.) विमानाच्या अंगावरच्या स्टॅटिक छिद्रातून बाहेरचा साधा दाब घेतला जातो. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो वेगाचा दाब. हा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि आकडे चिमुकले असतात: १०० नॉटला जेमतेम १६३० पास्कल, म्हणजे १६६ मिलिमीटर पाणी. वीतभरसुद्धा नाही.

म्हणूनच काटा घरी तपासता येतो. गवंडी लादीची पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आतला व्यास ६ ते ८ मिलिमीटर घ्या, लांबी दोन मीटर पुरे. फळीवर यू आकारात ताणून बसवा, मध्ये मिलिमीटरची पट्टी चिकटवा, निम्म्यापर्यंत पाणी भरा. पाण्यात खायच्या रंगाचा एक थेंब आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण यासाठी की पाणी नळीला चिकटून अडत नाही. एका बाजूला टी-जोड लावून एक फाटा काट्याच्या पिटो तोंडाला, दुसरा मोठ्या सिरिंजला. काट्याचं स्टॅटिक तोंड उघडं ठेवा. सिरिंज हळूहळू दाबत वाचा: ५० नॉटला ४१ मिलिमीटर, ७५ ला ९३, १०० ला १६६, १२५ ला २६१, १५० ला ३७७.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिली, एकाच बाजूचं पाणी किती चढलं ते मोजणं. मोजायचा असतो दोन्ही पातळ्यांमधला फरक. १०० नॉटला एक बाजू ८३ चढते, दुसरी ८३ उतरते. दुसरी, नळीतला बुडबुडा. तिसरी, खालच्या वेगांवर फाजील विश्वास: ५० नॉटपाशी एक नॉट म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, १५० पाशी पाच. त्यामुळे खालचे आकडे तीनदा घ्या, वाढत्या दाबाने आणि उतरत्या दाबानेही. दोन्ही वेळा काटा वेगळा दाखवत असेल तर आतली यंत्रणा घासते आहे. आणि चौथी चूक महागात पडणारी: तोंडाने फुंकणं. जोरात फुंकलं तर माणूस अर्धा मीटर पाणी सहज उचलतो, म्हणजे १७० नॉटच्या वर. १२० पर्यंतचा काटा तिथेच कामातून जातो. अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, जोडलेल्या स्टॅटिक नळीतून ओढून घेणं तर त्याहून वाईट.

नळ्यांची गळती वेगळी बघावी लागते. दाब न भरलेल्या केबिनच्या छोट्या विमानांसाठी जुना नियम सोपा आहे: स्टॅटिक नळीतून सावकाश हवा ओढून अल्टिमीटर १००० फूट वर न्यायचा, बंद करायचं, एक मिनिट थांबायचं. १०० फुटांपेक्षा जास्त खाली आला तर कुठेतरी गळतंय. बहुतेक वेळा रबरी जोडात, नाहीतर पाणी काढायच्या बोळीत.

काटा निर्दोष निघाला, नळ्या घट्ट निघाल्या, तरी खोटेपणा उरतोच, आणि तो जमिनीवरच्या कुठल्याही तपासणीत सापडत नाही. दोष छिद्राच्या जागेत असतो. पिटो नळी बरीच सोशिक असते, नाक दहा अंश इकडेतिकडे झालं तरी ती फारशी चुकत नाही. स्टॅटिक छिद्राचं तसं नाही. विमानाच्या अंगावरून हवा कुठे पळते, कुठे रेंगाळते. जिथे पळते तिथे दाब बाहेरच्यापेक्षा कमी. छिद्र तिथे पडलं की काटा जास्त दाखवणार आणि अल्टिमीटरही उंच दाखवणार. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उतरवले, नाक वर केलं की चूक बदलते. आडवं सरकताना एक बाजू जास्त आणि दुसरी कमी दाखवते, म्हणून दोन्ही बाजूंची छिद्रं आत जोडलेली असतात. छिद्राशेजारी रंगाचा पोपडा, वर आलेला रिवेट किंवा पत्र्याची बारीक लाट, एवढंही पुरतं. मोठ्या विमानांच्या नाकाच्या बाजूला छिद्रांभोवती चौकट आखून तो पत्रा रंगाविना सोडलेला दिसतो, तो यासाठी. चांगल्या झूमच्या लेन्सने टॅक्सीवेवरच्या विमानाच्या फोटोत ही चौकट स्पष्ट येते. आपल्या आकाशात २००३ पासून २९० ते ४१० या फ्लाइट लेव्हलच्या, म्हणजे २९,००० ते ४१,००० फुटांच्या, पट्ट्यात दोन विमानांत फक्त १००० फुटांचं अंतर ठेवतात, तेव्हा तिथे पन्नास-शंभर फुटांची चूकही हिशोबात धरावी लागते.

मग उडता उडता खरा वेग कसा काढायचा? नव्या विमानाच्या नाकावर पुढे काढलेला लांब दांडा, बऱ्याचदा लाल-पांढरा, त्यासाठीच असतो: छिद्रं विमानाने ढवळलेल्या हवेच्या पुढे नेऊन ठेवायची. मोठ्या विमानांना मागे लांब नळीच्या टोकाला शंकू लावून ओढतात. शंकू नळी सरळ ताणून धरतो आणि तिच्यावरची छिद्रं न ढवळलेल्या हवेतला दाब पाठवतात. जुनी पद्धत मनोऱ्याशेजारून उडण्याची. मनोऱ्यातून जाळीतून बघून विमानाची खरी उंची काढायची आणि अल्टिमीटरशी ताडायची. त्यात एक अट कोणी विसरू नये: जमिनीपासून निदान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीइतकं वर राहायचं, नाहीतर जमिनीच्या परिणामाने मोजमापच बिघडतं.

छोट्या विमानाला मात्र आता जीपीएस पुरतं. पद्धत अशी. एकाच उंचीवर, एकाच काट्यावर, पॉवरला हात न लावता तीन हेडिंगवर उडायचं: उत्तर, पूर्व, दक्षिण. हेडिंग (नाकाची दिशा) धरायचं, ट्रॅक (जमिनीवरची वाट) नव्हे. इथेच अर्धे लोक फसतात. वळण संपल्यावर वीसेक सेकंद विमान शांत होऊ द्यायचं, मग अर्धा मिनिट जीपीएसच्या वेगाची सरासरी टिपायची. समजा आकडे आले ११५.४, १११.० आणि ८५.६. वारा किती, कुठून, माहीत नाही आणि गरजही नाही.

तिघांची सरासरी काढली तर १०४ येते. साफ चूक. फक्त उत्तर-दक्षिणेची काढली तर १००.५, जवळ आहे पण आडव्या वाऱ्याची चूक तीत शिरलेली आहे. बरोबर रीत वर्गांची. उत्तर आणि दक्षिण यांच्या वर्गांची बेरीज निम्मी करा, तिला स म्हणू: १०,३२२. उत्तर आणि दक्षिण यांच्या वर्गांतला फरक चाराने भागा: १,४९७. पूर्वेच्या वर्गातून स वजा करून दोनाने भागा: ९९९. या दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे क. आता स च्या वर्गातून चारपट क वजा करा, वर्गमूळ काढा, त्यात स मिळवा, निम्मं करा आणि पुन्हा वर्गमूळ. उत्तर १०० नॉट. वारा नैर्ऋत्येकडून १८ नॉट होता, हेही त्याच आकड्यांतून निघतं.

चौथं हेडिंग पश्चिमेचं जरूर उडावं. हिशोबाला लागत नाही, पण पारख होते: उत्तर-दक्षिणेच्या वर्गांची बेरीज आणि पूर्व-पश्चिमेच्या वर्गांची बेरीज सारखी यायला हवी. वरच्या उदाहरणात पश्चिमेला ९१.२ यायला हवेत. ९४ आले तर मधे वारा बदलला. आकडे फेकून पुन्हा उडा. जुळवत बसू नका.

१०० हा झाला खरा वेग, काट्यावरचा नव्हे. प्रेशर अल्टिट्यूड (१०१३.२५ चा ठरीव दाब धरून येणारी उंची) ५००० फूट आणि बाहेर २० अंश असतील तर हवा समुद्रसपाटीच्या ०.८१८ पट दाट, तिचं वर्गमूळ ०.९०४. म्हणजे काट्याने ९०.४ दाखवायला हवे होते. लेव्हल पाइपवरची चूक वजा करूनही तो ९४ दाखवत असेल, तर स्टॅटिक छिद्राची चूक साडेतीन नॉट. हाच दाब अल्टिमीटरलाही मिळतो, तेव्हा तो सुमारे ३५ फूट उंच दाखवतोय हेही त्यातच आलं. एका वेगावर थांबू नका. स्टॉलच्या १.३ पटीपासून वर पाच-सहा वेग घ्या, मग फ्लॅप उतरवून पुन्हा. तापमान ढोबळ लिहू नका. ५ अंशांची चूक म्हणजे जवळपास एक टक्का वेग.

हे सगळं ठाणे-नवी मुंबईच्या आकाशात कोणी करू देणार नाही, इथे दोन मोठ्या विमानतळांची वाहतूक आहे. बारामती किंवा धुळ्याकडे, तेही सकाळी. दहानंतर देशावर जमीन तापते, हवा उसळायला लागते आणि उंची ५० फुटांत धरणं अवघड होतं.

वेग ध्वनीच्या जवळ गेला की छिद्राची चूक साधी राहत नाही. धक्कालहर स्टॅटिक छिद्रावरून मागे सरकते तेव्हा काटा क्षणात उडी मारतो. चाचणी पायलट त्या उडीवरूनच ओळखत की आपण पलीकडे गेलो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मरुत उभं आहे, त्याच्यासमोर हे आठवावं. जर्मन विमान अभियंते कुर्ट टांक यांच्या हाताखाली बंगळुरूला घडलेलं हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं होतं, पण ऑर्फियस ७०३ या आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नसलेल्या दोन इंजिनांवर ते जेमतेम ध्वनीच्या वेगापर्यंत पोचलं. म्हणजे त्याची धाव नेमकी त्या पट्ट्यात संपली जिथे काट्यावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा. त्याआधी, १९५९ मध्ये, याच आकाराचं इंजिनाविना लाकडी ग्लायडर डाकोटा विमानामागे बांधून उडवलं गेलं. ग्लायडरला पॉवर वाढवून चूक सावरता येत नाही, तिथे काटा म्हणजे सगळं काही. विंग कमांडर सुरंजन दास यांनी १७ जून १९६१ ला मरुत पहिल्यांदा उडवलं; १० जानेवारी १९७० ला त्याच्याच आफ्टरबर्नर लावलेल्या रूपाच्या उड्डाणात ते गेले. फलकावर एवढं सगळं मावत नाही.

आता कुंभारीण. खिडकीच्या चौकटीत, प्लगच्या भोकात मातीची घरटी करणारी ती गांधीलमाशी. तिला पिटो नळीचं तोंड म्हणजे आयतं घर. ब्रिस्बेनला २०१३ मध्ये एका ए-३३० च्या नळीत तिने साधारण दोन तासांत माती भरली आणि वैमानिकांना टेकऑफ सोडून द्यावा लागला. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग ७५७ पडलं आणि १८९ माणसं गेली, तिथेही संशय याच माशीवर. विमान काही दिवस नळ्यांवर झाकण न घालता उभं होतं.

नळी पूर्ण बुजली की आतला दाब कोंडला जातो आणि वेगाचा काटा अल्टिमीटर होऊन बसतो. जमिनीवर कोंडलेली नळी घेऊन विमान १००० फूट चढलं की बाहेरचा दाब सुमारे ३६०० पास्कलने उतरतो आणि काटा १४८ नॉट दाखवतो, विमान खरं कितीही हळू असलं तरी. चढत जाल तसा वेग वाढतच जातो. पायलटला वाटतं फार जोरात चाललोय, तो नाक वर करतो, आणि विमान स्टॉल होतं. खूण एकच: पॉवर आणि नाकाचा कोन नेहमीचा, पण वेग उंचीबरोबर चढतोय. तेव्हा काट्याकडे बघणं सोडून ठरलेली पॉवर, ठरलेला कोन.

मॉडेल आणि ड्रोनवाल्यांच्या छोट्या सेन्सरलाही हेच लागू. बॅटरी जोडताना सेन्सर शून्य धरतो, त्या वेळी नळीवर सैल टोपी हवी. वाऱ्यात तशीच जोडली तर वाऱ्यालाच शून्य समजेल आणि हवेत वेग कमी दाखवेल. नंतर टोपी काढायला विसरू नका. खारघर-उलव्याकडे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा. आणि नळीत माती दिसली तर टाचणी घालू नका, ती माती आत सेन्सरपर्यंत जाते. नळी सेन्सरपासून सोडवून मागच्या बाजूने हवा मारा, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर पडते.