जुने पाते घेऊन या : आमची वाटचाल

काउंटरच्या खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मल्टिटूलची, म्हणजे पाते झपाझप डावी-उजवीकडे हलवून कापणाऱ्या हातातल्या मशीनची, 34 तुटकी पाती आहेत, सगळी आम्हीच बनवलेली. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी हा डबा त्याच्यापुढे ओततो आणि सांगतो, पाते कुठे तुटलंय ते बघ, दात्यांकडे नंतर बघ.

वडिलांचे दुकान सोलापुरात अशोक चौकाजवळ, धार लावण्याचे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांच्या कटिंग मशीनची उभी पाती, शिंप्यांच्या कात्र्या, सुतारांच्या करवती. करवतीला कानस कशी मारायची ते त्यांनी मला शिकवले. एकाआड एक दाता घ्यायचा, मग करवत फिरवून उरलेले घ्यायचे. पुढे निळसर, कडक केलेल्या दात्यांच्या तयार करवती आल्या. त्यांना कानस लागत नाही, त्या बोथट झाल्या की फेकायच्या. करवतीचे काम आमच्याकडून असे गेले. शिलाईवाल्यांच्या जोरावर पुढची काही वर्षे निघाली, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

मग सुतारांच्या हातात मल्टिटूल दिसू लागले. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवायची तर दाराच्या चौकटीचा तळ जागेवरच कापावा लागतो. तिथे करवत आडवी धरता येत नाही आणि ग्राइंडर आत जात नाही. किचनच्या कपाटाला पाइपसाठी खाच पाडायची तरी तेच. ज्याने हे मशीन एकदा वापरले त्याने ते सोडले नाही. पण मशीन एकदाच घेतले जाते आणि पाती लागतच राहतात. साधे हाय कार्बन पोलादाचे पाते एका खिळ्यावर गेले की दाते साफ. बायमेटल, म्हणजे लवचिक पाठीला जास्त कडक पोलादाचे दाते जोडलेले पाते, टिकते, पण चांगल्या कंपनीचे एक घेताना मिस्त्रीची दिवसाची निम्मी मजुरी जायची. त्यात 2016 मध्ये बॉश आणि फाईन या जर्मन कंपन्यांनी मिळून स्टारलॉक ही पाते बसवायची नवी पद्धत आणली. त्या पात्याचे बूड सपाट नसून खोलगट असते, मशीनमध्ये खटकन बसते. पात्याचा जो भाग मशीनला बसतो त्याला आम्ही बूड म्हणतो. जुनी सपाट पाती त्यात बसेनात. लोकांच्या पेट्यांत पाती असूनही हाती काही नाही, असे झाले.

मला उत्तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत सापडले. तिथल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पाइप कापायच्या बँडसॉवर, म्हणजे फिरत्या पट्टीच्या करवतीवर, 27 मिलिमीटर रुंद, 0.9 मिलिमीटर जाड बायमेटल पट्टी चालते. ती एके ठिकाणी तुटली की सगळीच भंगारात जाते. दाते एम 42 या हायस्पीड पोलादाचे, 8 टक्के कोबाल्टचे, आणि पट्टीवर हातभर अंतरात कुठे ना कुठे अगदी नवे. 10/14, म्हणजे इंचाला 10 ते 14 दात्यांची पट्टी मी किलोवर उचलली. गिऱ्हाइकाने आपले झिजलेले पाते आणायचे, आम्ही त्याच्या बुडाला 35 मिलिमीटरचा नवा दातेरी तुकडा लावून द्यायचा. बूड मूळ कंपनीचेच, त्यामुळे मशीनमध्ये तसूभरही ढिले बसत नाही. 120 रुपये घ्यायचो.

एमआयडीसीतल्या एका मित्राच्या स्पॉट वेल्डिंगवर पहिली 300 पाती केली. दिवाळीच्या आधी सगळी विकली गेली. दिवाळीनंतर ती परत येऊ लागली.

तो महिना मी विसरणार नाही. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी दोन-तीन मिस्त्री दारात. पैसे परत दिले. काहींना वर चहा पाजला, काहींनी चहाही घेतला नाही. पतसंस्थेचा हप्ता थकला. वडिलांच्या वेळचे उभ्या पात्यांचे ग्राइंडिंग मशीन विकावे लागले. होटगी रोडच्या एका वर्कशॉपमध्ये ते अजून चालते, त्याचा आवाज मला रस्त्यावरून ओळखू येतो.

आणि त्याच महिन्यात आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने आमची तुटलेली पाती मिळवून आपल्या काउंटरच्या काचेखाली मांडली. गिऱ्हाईक आले की बोट दाखवायचा, हा बघा लोकल माल. स्वतः मात्र दहाच्या पाकिटातली पाती विकायचा, पाकिटावर बायमेटल छापलेले. त्यातले एक मी हातात घेतले. दात्यावर कानस मारली तर कानस चावली. खऱ्या बायमेटलच्या दात्यावर कानस घसरते, चावत नाही. रंग खरवडला तर दात्यांची पट्टी पाठीला जोडल्याची रेषही नव्हती. साधे हाय कार्बन, वर रंग. मी तेव्हा त्याच्या दुकानात जाऊन चार लोकांसमोर हे दाखवायला हवे होते. गेलो नाही. ते आजही सलते. त्याच्याकडून फसलेले लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, सोलापुरात चांगले पाते मिळतच नाही.

गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा अण्णा आले. अण्णा म्हणजे पूर्वी मागांची लाकडी कामे करणारे आणि पुढे जुळे सोलापुरात फर्निचर करणारे मिस्त्री. वडिलांचे गिऱ्हाईक. रुमालात गुंडाळलेली चार तुटकी पाती त्यांनी काउंटरवर ठेवली. मी गल्ल्यात हात घातला.

"पैसे राहू दे बे. आधी दाते बघ."

दाते धारदार होते. चारही पाती वेल्डच्या ठिपक्याच्या कडेने तडकली होती.

"अण्णा, वेल्डच ठिसूळ झालाय."

"मग वेल्ड कशाला करतो? माझ्या करवतीच्या मुठीला तुझ्या बापानं काय मारलं होतं? रिबीट."

पट्टीची पाठ स्प्रिंग पोलादाची. वेल्डचा ठिपका तापून लगेच थंड होतो, तिथे पोलाद काचेसारखे कडक होते. मल्टिटूलचे पाते गोल फिरत नाही, जेमतेम 3 अंशांत हलते, पण मिनिटाला 20 हजार वेळा. तो सगळा मार त्या कडक ठिपक्याच्या कडेवर. एवढे मला आधी कळायला हवे होते.

तेव्हापासून आम्ही 3 मिलिमीटरचे तीन रिबीट, म्हणजे रिव्हेट, मारतो, डोके खाचेत बसवून घासून सपाट. स्प्रिंग पोलादाला भोक पाडायला कोबाल्ट ड्रिल, फेरे कमी, तेल भरपूर. तुकडा नेहमी खालच्या अंगाला लावतो, नाहीतर चौकट फरशीला चिकटून कापता येत नाही. कट-ऑफ चकतीने तुकडा पाडताना दोन-दोन सेकंदांनी पाण्यात बुडवतो. या जोडाचे पाते 15 मिलिमीटरच्या वर खोल जात नाही, कारण पुढे जोडाची जाडी आडवी येते. हे आम्ही गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगतो. खोल कापायचे असेल तर कंपनीचे लांब पाते घ्या, आमच्याकडे तेही ठेवलेले आहे.

अजून एक सांगतो. पाते महाग पडते ते बहुतेक हातामुळे. मशीन दाबू नका. पाते जरा डावी-उजवीकडे झुलवत न्या, म्हणजे भुसा बाहेर पडतो आणि दाते तापत नाहीत. धातू कापताना वेग कमी करा. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू कडक केलेले असतात. त्यावर बायमेटल चालवू नका, कार्बाइडच्या दात्यांचे पाते लावा. टाइलच्या सांध्यातले ग्राउट काढायला तर दातेरी पाते मुळीच नको, कार्बाइडच्या कणांचे घ्या.

रिबीटची पहिली चार पाती मी अण्णांनाच दिली, पैसे न घेता. त्यांनी 480 रुपये मोजून ठेवले. पुढच्या महिन्यापासून आपल्या ओळखीचे मिस्त्री पाठवू लागले. नंतर लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होते, ते दिवस सगळ्यांचे सारखेच गेले. त्यानंतर काम वाढत गेले आणि आता दोन पोरे आहेत.

प्रत्येक वेळी दाते बदलले की आम्ही बुडावर पंचने एक ठिपका मारतो. अण्णांच्या एका बुडावर अकरा ठिपके झाले. बाराव्या वेळी बघितले तर रिबीटची भोके सैल झाली होती. मी त्यांना दुसरे बूड दिले आणि जुने डब्यात टाकायला हात पुढे केला. त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकले.