शिरोरेघेखालचा खट्याळपणा

तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा अख्खं नागपूर काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे पाहायला रस्त्यावर उतरतं. मला सोबतच्या बडग्यांवरच्या, म्हणजे टिंगलीच्या पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचायच्या असतात. महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार तिथं असतो, आणि अक्षरंही मजकुराइतकीच वात्रट. ‘म’चं पोट सुटलेलं, ‘ळ’ गिरकी घेतोय, उकार पार खालच्या ओळीत लोंबतोय.

आता असली अक्षरं तयार मिळतात. हातानं काढल्यासारखे, केवळ मथळ्यासाठी घडवलेले फॉन्ट. फॉन्ट घडवणाऱ्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’च घ्या. इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या पोटातली पोकळी नुसती चीर होऊन उरते. मोठा लावला तर लाघवी. बारीक करून परिच्छेद लावला तर कागदावर शाई सांडलेली. लग्नाची एक पत्रिका मी पाहिली आहे, स्थळ-वेळेसकट सगळी असल्या नाचऱ्या अक्षरांत. मुहूर्त 1 चा की 7 चा, यावर घरात दोन तट पडले.

रोमन अक्षरांचं सोपं असतं. ती सुटी, एक वर, एक खाली केलं की झाला खोडकरपणा. आपल्याकडे शिरोरेघ आडवी येते. अक्षरानं हवी तेवढी उडी मारावी, पण शेजाऱ्याच्या रेघेला त्याची रेघ भिडली पाहिजे, नाहीतर शब्द मधूनच तुटतो. म्हणून रेघ सरळ ठेवून सगळा दंगा तिच्याखाली करायचा, किंवा रेघच लाटेसारखी वळवायची, पण प्रत्येक अक्षराच्या दोन्ही टोकांना तिला त्याच उंचीवर आणून सोडायचं. त्यात ऱ्हस्व वेलांटी! ‘रि’ला आखूड पुरते, ‘क्षि’ला लांब लागते. मग जोडाक्षरांची शेकड्यांतली वरात. एवढं सगळं करून वर दिसायचं कसं, तर सहज!

आणि ‘कळकळ’ लिहा की सोंग उघडं पडतं. पेंटरच्या हातचे दोन ‘क’ कधी जुळे नसतात, फॉन्टचे असतात. त्यावरही तोड आहे: एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आत दडवून ठेवायची आणि शेजार बघून आलटून-पालटून वापरायची. यंत्राला हात हलल्याचं नाटक शिकवायचं, हा उद्योग मला फार आवडतो. तर्री-पोह्याच्या ठेल्याला असा फॉन्ट शोभतो. सावजीच्या पाटीला नको बाप्पा, तिथं अक्षरंही झणझणीतच हवीत.

नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत एका पेंटरभाऊंना मोबाइलवर असा फॉन्ट दाखवला. त्यांनी बोटानं मोठा करून पाहिला. “चांगला आहे जी. पण पाटी कुठं संपते, हे त्याले कसं समजन?” त्यांच्यासमोरच्या पाटीवर ‘भांडार’ रंगत होतं. जागा संपत आली होती, म्हणून ‘डा’ जरा आकसला होता, आणि ‘र’ची शेपटी काठाला लागू नये म्हणून त्यांनी ती मस्त वर वळवली.