सात हजार विड्यांचं पुस्तक

पुस्तक उघडलं आणि मला शिंक आली.

एप्रिलमधला शनिवार, सकाळची शाळा. ग्रंथालयाची वार्षिक पडताळणी चालू होती. दाखल नोंदवहीतला क्रमांक एका मुलीनं वाचायचा, दुसरीनं कपाटात पुस्तक शोधायचं. सापडलं की मी बरोबरची खूण करायची, नाही सापडलं की लाल पेनानं गोल. साडेनऊपर्यंत दोन गोल झाले होते. पंखा गरम हवाच फिरवत होता. तेवढ्यात नववीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि तिनं पिशवीतून माझं पुस्तक काढून पुढे केलं. 'बनगरवाडी'. आठ दिवसांच्या बोलीनं नेलेलं, चाळीस दिवसांनी परत आलेलं.

पानांच्या बेचक्यात तपकिरी भुकटी बसली होती. झटकली तर टेबलावर पडली. तंबाखू. मध्यावर खुणेसाठी दोऱ्याचा तुकडा होता. शेवटाकडच्या एका पानावर ओल्या पानाचा ठसा उमटला होता. मधली शीर, दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक शिरा, कापलेली कड, सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी तिला सगळ्यांसमोर बोलले. "पुस्तक वाचायला दिलं होतं, तंबाखू बांधायला नाही." हेच शब्द. माझा आवाजही चढला होता. तिनं मान खाली घातली, "चुकलं बाई" एवढंच म्हणाली आणि गेली.

त्या पुस्तकाचा मला एवढा राग का आला, ते सांगायला हवं.

फेब्रुवारीत माझ्या नेहमीच्या रद्दीवाल्याचा फोन आला होता. "बाई, एका मास्तरांच्या घरची पुस्तकं आलीत. पुठ्ठे फाडायच्या आत या." शाळा सुटल्यावर रिक्षा करून गेले. वजनावर घेतलेल्या दोन गोण्या होत्या. पिवळी पडलेली, पण एकही पान दुमडलेलं नाही. समासात शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. मी एकतीस पुस्तकं निवडली. ती घरी आणून पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. कोरड्या फडक्यानं पुसायची, उन्हात नाही पण वाऱ्यावर ठेवायची, सुटलेला पुठ्ठा खळीनं चिकटवायचा आणि मग रात्री एकेक वाचायला घ्यायचं. नवं कोरं पुस्तक घेण्यात आनंद असतोच, पण कुणीतरी आधी मन लावून वाचलेलं पुस्तक हातात येतं तेव्हा एकटीनं वाचल्यासारखं वाटत नाही. ते मास्तर कोण होते मला माहीत नाही. 'बनगरवाडी'च्या पहिल्या पानावर त्यांनी तारीख घातली होती आणि खाली लिहिलं होतं, 'पहिल्या पगारातून'.

मास्तराच्या पहिल्या पगारातून नेमकं हेच पुस्तक! व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर जातो आणि शाळा भरवू पाहतो, त्याची ही गोष्ट. आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं सांगोलं त्या माणदेशातलंच. मी शिक्षिका व्हायच्या आधी हे पुस्तक वाचलं होतं आणि झाल्यानंतर पुन्हा. दुसऱ्यांदा वाचताना ते वेगळंच पुस्तक होतं.

माझ्या वाचनाची सुरुवात वडिलांमुळे झाली. ते गिरणीत होते. पाळी संपवून आले की जेवून घटकाभर पडायचे आणि संध्याकाळी मला सायकलवर पुढे बसवून हिराचंद नेमचंद वाचनालयात न्यायचे. तिथं ते उभ्यानं वर्तमानपत्र वाचायचे आणि मी बाकावर बसून मिळेल ते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात पुष्कळ गोष्टी थांबल्या, पण वाचनालयाची वर्गणी थांबली नाही. आई कधीतरी त्यावरून बोलायची. ते म्हणायचे, "पोरीचं आहे ते, राहू दे."

अशा बापाची मी पोर, आणि आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला मी कुलूप लावून बसले होते.

कारण साधं होतं. आमच्याकडे ग्रंथपाल नाही. सहा वर्षांपूर्वी ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी चौदा पुस्तकं हरवली आणि ती रक्कम माझ्या पगारातून वळती झाली. पैशापेक्षा त्या लेखी खुलाशाचं लागलं. 'आपल्या निष्काळजीपणामुळे' असं मला लिहून आलं होतं. तेव्हापासून नवं पुस्तक आलं की शिक्का, क्रमांक, नोंद, कपाट, कुलूप. मुलांना द्यायची ती फाटकी, जुनी, ज्यांचं निर्लेखन होऊन नोंदवहीतून नाव आज ना उद्या जाणारच होतं अशी. जानेवारीत आलेली चार खोकी नवी पुस्तकं अजून त्या कपाटात प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मी ती टेबलावर मांडणार होते आणि संध्याकाळी मोजून परत आत ठेवणार होते. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे मोठे अभ्यासक रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं सांगितली, त्यातलं पहिलं, पुस्तकं वापरासाठी असतात. त्या विवेचनात त्यांनी जुन्या युरोपातल्या साखळदंडानं बांधून ठेवलेल्या पुस्तकांबद्दल लिहिलं आहे. मी हे सगळं वर्गात मुलांना सांगितलेलं होतं!

ज्या मुली खरंच वाचणाऱ्या होत्या त्यांना मी घरची पुस्तकं द्यायचे. त्यांचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता. ही मुलगी त्यांपैकी. "मास्तरची गोष्ट आहे" म्हटल्यावर तिनं लगेच हात पुढे केला होता.

ती गेल्यावर कपाटापाशी उभी असलेली दुसरी मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ती एकटी वाचत नाही. घरी वाचून दाखवती. त्यांच्या इथं सगळ्या विडीवाल्या बसतात, त्यांना."

मी लाल पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी साडेपाचला मी त्यांच्या गल्लीत गेले. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. बाप यंत्रमागावर, चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. आई विड्या वळते. सतरा वर्षं मी इथं शिकवतेय, कित्येक घरी जाऊन आलेय, पण विड्या वळताना कुणाजवळ नीट बसले नव्हते. पत्ता विचारायची गरज पडली नाही. आवाजच ऐकू आला. तिचा आवाज, वर्गात कधी न निघालेला, मोकळा.

दाराबाहेरच्या ओट्यावर पाच बायका भिंतीला टेकून बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. त्यात एका बाजूला तंबाखू, एका बाजूला कापलेली तेंदूची पानं. पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवतात, मग पत्र्याचं माप वर ठेवून कात्रीनं कापतात. पान तळहातावर घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळत न्यायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळून तोडायचा. हे सगळं वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या आत विडी सुपात पडलेली असते. नजर हाताकडे नसते. म्हणजे डोळे मोकळे, कान मोकळे, आणि हजार विड्या होईपर्यंत जागेवरून उठता येत नाही.

मला पाहून ती ताडकन उठली. तिची आई म्हणाली, "बसा की बाई." एकीनं गोणपाट सरकवून जागा केली. त्या दिवशी मुलीच्या हातात वर्तमानपत्राची पुरवणी होती, कारण पुस्तक सकाळीच परत गेलं होतं. मला वाटलं होतं, वाचून संपलं म्हणून तिनं ते आणून दिलं. तसं नव्हतं. पडताळणी आहे हे तिनं ऐकलं होतं, आणि माझं पुस्तक नोंदवहीत नसतं हे तिला माहीत नव्हतं. शेवटची दहाबारा पानं राहिली होती. बाईंना गोल पडेल म्हणून तिनं ते तसंच परत केलं होतं.

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी काढून तिला दिलं.

दोऱ्याची खूण तशीच होती, पण ती खूण तिच्यासाठी नव्हतीच. मधला कुठला तरी भाग त्या बायकांना पुन्हा ऐकायचा होता, वाडीतली माणसं मिळून तालीम बांधतात तो. आमच्या पूर्व भागात गल्लोगल्ली तालमी, त्यामुळे तो त्यांना फार जवळचा वाटला होता. ती मराठीत दोन-तीन वाक्यं वाचायची आणि लगेच तेलुगूत सांगायची. मास्तरला ती 'पंतुलु' म्हणत होती. मेंढरांना 'गोर्रेलु'. मध्ये जरा थांबली की कुणीतरी म्हणायची, "तर्वात?" पुढे? मराठीच्या तासाला परिच्छेदाचा सारांश लिही म्हटलं तर चार ओळींत आटपणारी मुलगी इथं धनगराच्या बोलण्यातला एकेक शब्द दोनदोनदा फिरवून बघत होती. एकदा अडली आणि त्या पाचजणींतल्या म्हातारीनं तिला तेलुगू शब्द पुरवला.

मग दुष्काळ आला. त्या कादंबरीच्या शेवटी पाऊस पडत नाही, जनावरं जातात, माणसं बिऱ्हाडं घेऊन जगायला निघतात आणि वाडी रिकामी होते. तिनं 'दुष्काळ' वाचलं आणि म्हणाली, "करुवु."

हात थांबले. एकीचेच, म्हातारीचे. ओल्या पानाचा ठसा तिच्याच हातातल्या पानाचा होता हे मला नंतर कळलं. चार दिवसांपूर्वी वाचन दुष्काळापाशी आलं होतं, तेव्हा तिनं "थांब" म्हणून पुस्तकावर हात ठेवला होता आणि पुढे वाचू दिलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिनं वाचू दिलं, आणि मध्येमध्ये बोलत राहिली. थोडं मराठीत, थोडं तेलुगूत. मुलगी आता तिचं मला सांगत होती. तिच्या सासूची माणसं करीमनगरकडून आलेली. पाऊस नाही, सूत नाही, माग बंद, म्हणून सोलापूरला. इथं माग आहेत एवढंच ऐकलं होतं. आणि १९७२ ला इथंही करुवु. लग्न होऊन आलेली ही नवी सून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. "तांबडी मिलो ज्वारी खाल्ली बाई. पोराला सुकडी मिळायची, ती आणून सगळ्यांनी खायची." मग तिनं मला विचारलं, "वाडीच गेली तर त्या पंतुलुची शाळा?"

"मुलंच नाहीत तर शाळा कशाची," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि पुढचं पान मांडीवर घेतलं.

मी कुठंतरी वाचलं होतं, क्यूबात सिगार वळणाऱ्या कामगारांना १८६५ पासून कारखान्यात मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत पडली. केरळात कण्णूरकडे विडी कामगारांतला एक जण वर्तमानपत्र वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. वाचलं तेव्हा नवल वाटलं होतं. इथं, शाळेपासून पाच मिनिटांवर, कुणी न सांगता तेच चाललं होतं. ती मुलगी एरवी शाळेतून आली की आईला दोरा बांधू लागायची. पुस्तक आल्यापासून तिला सुपाला हात लावायची बंदी होती. "तू वाच," आई म्हणायची, "दोरा आम्ही बघतो."

शेवटचं पान संपलं तेव्हा दिवे लागले होते. कुणी काही बोललं नाही. मग तिची आई म्हणाली, "सात हजारांत झालं."

मला कळेना. मुलीनं सांगितलं. रोज संध्याकाळी वाचन चालू असताना सगळ्यांच्या मिळून किती विड्या होतात ते त्या मोजत होत्या. कालपर्यंत साडेसहा हजार झाल्या होत्या, आजच्या धरून सात. पानं किती ते त्यांना ठाऊक नव्हतं. 'बनगरवाडी' सात हजारांची.

मी त्या मुलीची माफी मागितली. तिच्या आईसमोर, त्या चौघींसमोर. सकाळी शाळेत बोलले होते म्हणून सोमवारी वर्गातही मागितली. तिला ते फार अवघड गेलं, मान खाली घालून बसली. पण मागायला हवी होती. पुस्तकातला ठसा मी पुसला नाही, तंबाखूही पुन्हा झटकली नाही. 'पहिल्या पगारातून'च्या खाली मी शिसपेन्सिलीनं तारीख घालून लिहिलं, 'सात हजार विड्या'.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी नव्या पुस्तकांची चारही खोकी फोडली. मुलींनीच वेष्टनं काढली. हरवली तर खुलासा मी लिहीन. कसा लिहायचा ते मला आता माहीत आहे.

संध्याकाळी पुन्हा त्या ओट्यावर गेले. एकतीसमधलं एक जाड पुस्तक बरोबर घेतलं होतं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लग्न झाल्यावर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईनं लिहिलेलं आहे, एवढंच सांगितलं. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पुस्तक दोन्ही हातांत घेऊन जरा खालीवर केलं.

"हे तीस हजारांच्या खाली नाही," ती म्हणाली आणि मुलीला बसायला जागा करून दिली.