टेनरच्या वह्या कुणाकडे आहेत?

आमच्या वेळी स्नेहसंमेलन म्हणजे लेझीम, कोळीगीत आणि एखादं नाटुकलं, हे ठरलेलं. त्यात संगीताच्या सरांनी नववी-दहावीच्या पोरांना लॅटिन स्तोत्र शिकवायला घेतलं, तेव्हा स्टाफरूममध्येही कुजबूज झाली. वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधीच मराठीत होऊ लागली होती. लॅटिन राहिली होती ती आजी-आजोबांच्या ओठांवर.

रचना इंग्लंडच्या विल्यम बर्ड या संगीतकाराची, ‘चिवितास सांक्ती तुई’. १५८९ साली छापलेली, पाच आवाजांची : वरून खाली सोप्रानो, आल्टो, दोन टेनर आणि बास. बर्ड पक्का कॅथलिक आणि चाकरी मात्र प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथच्या शाही चॅपलमध्ये. १५८१ मध्ये एडमंड कँपियन या जेझुइट, म्हणजे कॅथलिक, धर्मगुरूला लंडनमध्ये फासावर चढवलं, असा तो काळ. उघड गाऱ्हाणं मांडायची सोय नव्हती. बर्डने यशया संदेष्ट्याच्या ओळी घेतल्या : तुझं पवित्र नगर ओसाड झालं, सियोन वैराण झालं, जेरुसलेम उजाड झालं. शब्द बायबलातले, त्यांना हरकत कोण घेणार? हे दुःख कॅथलिकांचंच, हे ज्याला कळायचं त्याला कळत होतं.

तालमीत सर पेटीचा एक सूर द्यायचे आणि झाकण लावून टाकायचे. मग भिस्त फक्त शेजाऱ्यावर. मूळ पट्टी आमच्या गळ्यांना फार खालची, म्हणून त्यांनी ती चढवून घेतली होती. सुरुवातीला पाचही आवाज एकामागून एक येतात, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. आणि ‘सियोन’ आलं की ही गर्दी एकदम थांबते. आधी काही आवाज मिळून, सगळे एकाच वेळी, ते शब्द साधेपणाने उच्चारतात. मग दुसरे तेच म्हणतात. एवढा वेळ विणलेलं सगळं उसवून ठेवण्याचं धाडस मला आजही थक्क करतं. त्यानंतर ‘जेरुसलेम’ पुन्हा एकेका आवाजात पसरतं आणि ‘देसोलाता एस्त’, म्हणजे ‘उजाड झालं’, संपता संपत नाही.

त्यात एक जागा होती. आल्टोने आपला सूर धरून ठेवायचा. तेवढ्यात खालचा आवाज सरकतो, दोन सूर एकमेकांना घासतात, मग आल्टो एक पायरी उतरतो. आम्ही मुली घाबरून आधीच उतरायचो. सर म्हणायचे, “बोचू दे गं! न बोचता उतरलात तर उतरण्यात काय राहिलं?” मोठ्याने गाऊन दुःख दाखवायला त्यांची सक्त मनाई. पुढे व्हिक्टोरिया, लासुस, जेझुआल्दो अशा त्याच काळातल्या संगीतकारांचं पुष्कळ ऐकलं. जेझुआल्दो तर बोचण्याचीच हद्द करतो. पण माझा कान तयार झाला तो त्या एका सुरावर.

तालमी संपल्यावर सर आम्हाला किल्ल्यात घेऊन गेले. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये गायलो खरे, पण वाऱ्याने निम्मे सूर पळवले आणि बकऱ्यांनी उरलेले. जुन्या फोटोंत आम्ही सगळे हसतोय.

बर्डच्या काळी प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका छापली जायची. सरांनीही तसंच केलं : निळ्या शाईत, हाताने लिहिलेल्या पाच वह्या. आल्टोची माझ्याकडे आहे. सोप्रानो आणि बासच्या सापडल्या आहेत. टेनरच्या दोन्ही वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी शाळेच्या महोत्सवाच्या आत कार्यालयात आणून द्याव्यात. आताच्या दहावीच्या मुलांना गायचंय.